उंदराच्या संवेदी बाह्यकाची पेशीरचना : मिशांचा नकाशा आणि मेंदूचा वाटा

बीजसंज्ञा : संवेदी बाह्यक, चेतापेशी, पिंपरचना, थॅलॅमस, एलएचएक्स2 जनुक

प्रस्तावना

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर आरे-वारे हे जुळे किनारे लागतात. कोकणच्या या किनारपट्टीवरील माडांना उंदरांचा उपद्रव नवा नाही. माडावर चढून कोवळी फळे पोखरणारा हा प्राणी प्रामुख्याने रात्री हिंडतो आणि त्याची दृष्टी मंद असते. काळोखात खोडाचा खडबडीतपणा वा बिळाची रुंदी तो मिशांच्या स्पर्शाने जाणून घेतो. परिसर चाचपताना या मिशा सेकंदाला साधारणतः 5 ते 15 वेळा पुढे-मागे हलतात. माणूस बोटांच्या टोकांनी जे काम करतो, ते उंदीर मिशांनी करतो. साहजिकच त्याच्या मेंदूत मिशांना मोठी जागा मिळालेली आहे. ही जागा पेशींच्या पातळीवर कशी रचलेली असते आणि ती रचना कोण घडवते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पिंपांची रचना

प्रमस्तिष्काच्या नवबाह्यकात चेतापेशींचे सहा थर असतात. संवेदी क्षेत्रात थॅलॅमसकडून येणारे संदेश मुख्यतः चौथ्या थरात उतरतात. इ.स. 1970 मध्ये थॉमस वूल्सी व हेन्ड्रिक व्हान डर लूस यांनी प्रयोगशाळेतील लहान जातीच्या उंदराच्या या थराचे छेद बाह्यकाच्या पृष्ठभागाला समांतर घेऊन तपासले. त्यांना पेशींचे स्वतंत्र, गोलसर पुंज आढळले. प्रत्येक पुंजाच्या कडेला पेशींची दाट भिंत आणि मध्ये विरळ पेशींचा गाभा होता. या आकारावरून त्यांना ‘बॅरल’, म्हणजे पिंप, हे नाव मिळाले.

उंदराच्या गालावर मोठ्या मिशांच्या पाच रांगा असतात. बाह्यकातही पिंपांच्या पाच रांगा त्याच क्रमाने आढळतात आणि एका मिशीसाठी एक पिंप असते. भिंतीतील चेतापेशींच्या शाखा गाभ्याकडे वळलेल्या असतात, कारण थॅलॅमसकडून आलेल्या तंतूंची टोके तेथेच एकवटलेली असतात. एका पिंपाच्या वरचे व खालचे थर मिळून एक उभा स्तंभ मानला जातो. लहान उंदरातील ‘सी2’ या मिशीच्या स्तंभात सुमारे 6,500 चेतापेशी मोजल्या गेल्या आहेत.

मिशीपासून बाह्यकापर्यंत

मिशी वाकली की तिच्या मुळाशी असलेल्या चेतातंतूंत आवेग निर्माण होतो. तो त्रिशाखी चेतेमार्फत मस्तिष्क स्तंभात, तेथून विरुद्ध बाजूच्या थॅलॅमसमध्ये आणि अखेरीस बाह्यकाच्या चौथ्या थरात पोहोचतो. या प्रत्येक टप्प्यावर मिशांची मांडणी पुन्हा दिसते. त्यामुळे हा नकाशा बाहेरून आत टप्प्याटप्प्याने उमटतो, अशी कल्पना स्वाभाविकपणे पुढे आली.

इ.स. 1973 मध्ये व्हान डर लूस व वूल्सी यांनी या कल्पनेस बळकटी दिली. नवजात पिल्लांच्या काही मिशांची मुळे नष्ट केली असता बाह्यकातील नेमकी त्याच मिशांची पिंपे घडली नाहीत. हा परिणाम जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांपुरताच मर्यादित असल्याचे पुढील अभ्यासांतून स्पष्ट झाले. ज्ञानेंद्रिय मेंदूची पेशीरचना घडवते, याचे उदाहरण म्हणून हा प्रयोग प्रसिद्ध आहे.

मुंबईतील संशोधन

संदेश योग्य ठिकाणी पोहोचला म्हणजे पिंप घडतेच का, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. त्याचे महत्त्वाचे उत्तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेतून मिळाले. बाह्यकाची ओळख निश्चित होण्यासाठी ‘एलएचएक्स2’ हे जनुक आवश्यक असते, हे या गटाने 2008 मध्ये दाखवले होते. हे जनुक आरंभीच काढून टाकल्यास बाह्यकच नीट घडत नाही. त्यामुळे त्याचे नंतरचे कार्य अभ्यासणे अवघड होते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही अडचण दूर करण्यात आली. बाह्यकाची ओळख निश्चित झाल्यावर, गर्भावस्थेच्या साडेअकराव्या दिवसापासून, हे जनुक केवळ बाह्यकाच्या भागातून वगळण्यात आले.

या उंदरांत थॅलॅमसचे तंतू योग्य क्षेत्रात पोहोचले होते, तरीही पिंपे आढळली नाहीत. विद्युत नोंदींतही एक मिशी हलवली असता प्रतिसाद मिळाला नाही. अनेक मिशा एकाच वेळी हलवल्यावर मात्र तो मिळाला. म्हणजे संवेदना पूर्णतः लोपली नव्हती. लोपला होता तो मिशी-मिशीतील भेद. एनएमडीए ग्राहीच्या एका घटकाची निर्मितीही या जनुकावर अवलंबून असल्याचे दिसले. चेतापेशींमधील जोडण्या अनुभवानुसार दृढ होण्यात या ग्राहीचा मोठा वाटा असतो.

निष्कर्ष

1973 आणि 2013 चे हे दोन प्रयोग एकत्र वाचणे आवश्यक आहे. मिशी नसेल तर पिंप घडत नाही. परंतु मिशी व तिचे तंतू शाबूत असूनही बाह्यकाच्या पेशींची स्वतःची सिद्धता नसेल, तरीही ते घडत नाही. ‘ज्ञानेंद्रिय मेंदूवर नकाशा उमटवते’ हे अध्यापनातील सोयीचे विधान म्हणूनच अपुरे ठरते.

उंदरावरील निष्कर्ष मानवी बालकाला जसेच्या तसे लावणे योग्य नाही. तथापि मानसशास्त्र व शिक्षणशास्त्राच्या वर्गांत आनुवंशिकता आणि परिस्थिती यांची मांडणी बहुधा परस्परविरोधी बाजू म्हणून होते. तेथे या पिंपांचा दाखला उपयुक्त ठरेल. जनुकाने पेशीला संदेश ग्रहण करण्याची क्षमता द्यावी आणि ठरावीक काळात आलेल्या संदेशाने त्या क्षमतेला आकार द्यावा, अशी ही परस्परावलंबी प्रक्रिया आहे.