स्वादुपिंडातली बेटं

एक चमचा साखर. या क्षणी तुमच्या पाचेक लिटर रक्तात विरघळलेली सगळी साखर जेमतेम एवढीच आहे, साधारण पाच ग्रॅम. आता श्रीखंड-पुरीचं जेवण आठवा. एका वाटी श्रीखंडातच याच्या कितीतरी पट साखर असते, आणि पुऱ्यांच्या पिठाचीही शेवटी साखरच होते. ती सगळी रक्तात उतरते, तरी काही तासांत रक्त पुन्हा त्या एका चमच्यावर येऊन थांबतं. एकादशीला दिवसभर पोटात काही गेलं नाही, तरीही तो चमचा रिकामा होत नाही. हा हिशेब ठेवतं कोण?

जठराच्या मागे, वितीहून थोडं कमी लांबीचं एक फिकट पिवळसर पिंड आडवं पडलेलं असतं. त्याचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्याच वळणात बसलेलं, शेपूट डावीकडे थेट प्लीहेपर्यंत पोचलेलं. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. हे स्वादुपिंड.

त्याचा बहुतेक सगळा भाग पाचकरस तयार करतो. किती? दिवसाला लिटर-दीड लिटर, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून जास्त! या रसात प्रथिनं तोडणारी जबरदस्त विकरं असतात. पण स्वादुपिंडाच्या पेशीही प्रथिनांच्याच बनलेल्या आहेत. मग ते स्वतःलाच कसं पचवत नाही? कारण ही विकरं म्यानातल्या तलवारींसारखी बाहेर पडतात. आतड्यात पोचल्यावर तिथल्या अस्तरावरचं एक विकर त्यांच्यातल्या एकाचा छोटासा तुकडा छाटतं. तेव्हा ते जागं होतं आणि मग इतरांना जागं करतं. हीच जाग आतल्या आत आली, तर स्वादुपिंडाला सूज येते आणि माणूस वेदनेने कळवळतो.

आणि या दाहक रसाच्या कारखान्यात अधूनमधून अगदी वेगळीच वस्ती आहे. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी प्रबंधासाठी स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्याला पेशींचे फिकट पुंजके दिसले. ते कशासाठी आहेत हे माहीत नसल्याचं त्याने सरळ लिहून टाकलं, आणि उत्तर कळण्याआधीच १८८८ मध्ये तो वारला. पुढे १८९३ मध्ये लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या पुंजक्यांना नाव दिलं: लांगरहान्सची बेटं.

अशी सुमारे दहा लाख बेटं आपल्या पोटात आहेत. सगळी मिळून वजनाने स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्के, पण तिथे येणाऱ्या रक्तातला दहा ते पंधरा टक्के वाटा त्यांचा. रक्ताची एवढी ओढ का? कारण त्यांना ते चाखायचं असतं.

बेटांतल्या बीटा पेशी साखर मोजतात तरी कशा? चक्क खाऊन! रक्तात साखर वाढली की ती त्याच प्रमाणात पेशीत शिरते आणि जळते. त्यातून ऊर्जा वाढते, त्या ऊर्जेमुळे पोटॅशियम बाहेर जाण्याच्या वाटा बंद होतात, पेशीवरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या साठवलेल्या पिशव्या रक्तात रित्या होतात. हे इन्सुलिन आधी यकृताकडे जातं आणि मग अंगभर. त्याच्या हुकमाने स्नायू आणि चरबी साखर आत घेतात, यकृत ती साठवतं. साखर उतरली की शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात आणि यकृत आपला साठा मोकळा करतं. डेल्टा पेशींचं सोमॅटोस्टॅटिन या दोघांनाही आवर घालतं.

गंमत अशी, की साखर तोंडाने घेतली तर शिरेतून दिलेल्या तेवढ्याच साखरेपेक्षा जास्त इन्सुलिन सुटतं. घास अजून आतड्यातच असतो, आणि आतड्याने बेटांना वर्दी दिलेलीसुद्धा असते!

१८८९ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं. त्याला मधुमेह झाला. म्हणजे मधुमेह रोखणारं काहीतरी त्या पिंडातच होतं. मग ते काढून रुग्णाला का देता येईना? अनेकांनी स्वादुपिंडं वाटून अर्क काढले, हाती फारसं लागलं नाही. इन्सुलिन हेही प्रथिनच आहे, अवघ्या ५१ अमिनो आम्लांचं, आणि त्याच पिंडातला पाचकरस त्याचा फडशा पाडतो, अशी शंका होती. १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांची रसवाहिनी बांधून टाकली. रस करणाऱ्या पेशी काही आठवड्यांत सुकल्या, बेटं टिकली, आणि त्यांच्या अर्काने मधुमेही कुत्र्यांची साखर उतरली. पुढे कॉलिप यांनी अल्कोहोल वापरून अख्ख्या स्वादुपिंडातूनच शुद्ध अर्क मिळवला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या मधुमेही मुलाला तो टोचला आणि त्याची साखर झपाट्याने खाली आली.

टोचलाच, कारण गिळलं असतं तर इन्सुलिन जठरातून आतड्यात पोचेपर्यंत पचूनच गेलं असतं. जठरातून त्यातलं जे काही वाचलं असतं, ते संपवायला पुढे दारातच स्वादुपिंडाचा रस उभा होता.