डॉ. सुशीला नायर

रोगी वैद्याच्या समोर असतो. त्याची नाडी हाती लागते, त्याचे कण्हणे कानी पडते. आरोग्यमंत्र्याला मात्र कोट्यवधी लोकांच्या प्रकृतीची चिंता वाहावी लागते आणि त्यांपैकी बहुतेकांचे मुखही त्याच्या दृष्टीस पडत नाही. डॉ. सुशीला नायर यांनी ही दोन्ही कामे केली.

त्यांचा जन्म १९१४ साली पंजाबातील कुंजाह या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात घेतले. त्यांचे बंधू प्यारेलाल हे महात्मा गांधींचे चिटणीस होते. १९३९ साली सुशीलाबाई सेवाग्रामला आल्या आणि थोड्याच दिवसांत वर्ध्याच्या परिसरात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ उद्भवली. त्या रुग्णसेवेस धावल्या. पटकी दूषित पाण्यातून पसरते. एक रोगी बरा केला, पण विहीर तशीच राहिली, तर दुसऱ्या दिवशी दुसरा रोगी दारात उभा!

१९४२ च्या ऑगस्ट महिन्यात कस्तुरबांबरोबर त्यांनाही अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. १५ ऑगस्टला तेथे महादेवभाई देसाई अकस्मात कोसळले. सुशीलाबाईंनी शर्थ केली. उपयोग झाला नाही. पुढे दीर्घ आजारानंतर २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबाही गेल्या. आपल्याच माणसांपुढे आपली विद्या अशी हतबल झालेली पाहणे वैद्याला किती कठीण जात असेल!

गांधीजींच्या निधनानंतर त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. रोग होऊच नये म्हणून काय करावे, हे सांगणारे ते शास्त्र. परत आल्यावर १९५२ ते १९५५ या काळात त्या दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री होत्या. १९५७ साली झांशीतून लोकसभेवर निवडून आल्या आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री झाल्या. १९६२ सालीच देवीच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घरोघर जाऊन देवी टोचण्याचे ते काम त्यांच्या कारकिर्दीत पुरे झाले नाही. भारतातून देवी हटली ती १९७५ साली.

मंत्रिपद मोठे खरे; पण मला त्यांचे पुढील कार्य अधिक मोलाचे वाटते. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले. शहर सोडून खेड्यात महाविद्यालय! तेथे ३ जानेवारी २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या महाविद्यालयात येणारे विद्यार्थी प्रथम काही दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात आणि पुढे एखाद्या खेड्यात मुक्काम करून तेथील घरांची, पाण्याची व रोगांची माहिती स्वतः गोळा करतात.