जोडलेल्या मणक्याचा शेजारी

कमरेचे दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी एकदा पक्के जोडले की त्या सांध्याची हालचाल कायमची थांबते. माणसाचे वाकणे मात्र थांबत नाही. वसईजवळच्या कामणच्या खाचरात भातलावणी असो की चिंचोटी-भिवंडी रस्त्यावरच्या गोदामात पोती उचलणे, कंबर तेवढीच वाकते आणि जास्तीचा ताण जोडाच्या शेजारचा सांधा, बहुधा वरचा, अंगावर घेतो. तिथली गादी झिजते, मागचे सांधे जाड होतात, नसांची वाट अरुंद होते. वयाची झीजही त्यात मिसळलेली असतेच. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा शेजारच्या झिजेसाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण दहा वर्षांत सुमारे ३६ टक्के आढळले.

खूण ओळखीची असते. कामण रोड स्टेशनच्या फलाटावर थोडे चालताच पाय भरून येतात, मुंग्या येतात. बाकावर पुढे झुकून बसले की थोड्या वेळात मोकळे होतात. पण एमआरआयवर झीज दिसली म्हणून लगेच शस्त्रक्रिया करायची नसते. अनेकांना ती झीज असून त्रास नसतो. पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेवरून सांधा सरकतो का, सीटी स्कॅनवरून जुना जोड खरोखर धरला आहे का, हे आधी पाहावे लागते. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, तर मात्र एक दिवसही थांबू नये. बाकीच्यांनी आधी व्यायाम, औषधे, गरज पडल्यास नसेजवळचे इंजेक्शन हे उपाय करून पाहावेत.

दुसऱ्या शस्त्रक्रियेची खरी अडचण पहिलीच्या व्रणात असते. घट्ट झालेल्या त्या उतींना नसांचे आवरण चिकटून बसते आणि सोडवताना फाटू शकते. कमी छेदाच्या शस्त्रक्रियेचा मोठा फायदा इथेच आहे: ती व्रणाला वळसा घालू शकते. एका पद्धतीत पाठीच्या बाजूने, नस बाहेर पडते त्या छिद्रातून, पेन्सिलीएवढी दुर्बीण आत जाते. ही शस्त्रक्रिया जागा बधिर करून, रुग्ण जागा असतानाही करता येते; नसेला धक्का लागला तर तो लगेच सांगतो. दुसऱ्या पद्धतीत एकात एक जाड होत जाणाऱ्या नळ्या घालून स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारतात आणि सुमारे दोन सेंटिमीटरच्या नळीतून हाड व जाड झालेला अस्थिबंध खरवडून नस मोकळी करतात. सांधा सरकत असेल तर नुसते मोकळे करून भागत नाही. तेव्हा कुशीतून गादीच्या जागी आधार बसवतात. सर्वांत खालच्या सांध्यापाशी मात्र कमरेचे हाड आड येते.

कमी छेदाच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी होतो, बहुतेकांना लवकर उभे करता येते. पण कणा बराच वाकलेला असेल किंवा जुने स्क्रू सैल झाले असतील, तर अनेकदा मोठा छेदच घ्यावा लागतो. नव्याने मणका जोडला, तर त्याच्याही वरच्या सांध्यावर तोच भार सरकतो. म्हणून नस मोकळी करण्याने भागत असेल, तिथे जोड वाढवू नये.