करवतीचा भुसा जातो कुठे?

चित्राला चौकट करायची म्हणजे चार पट्ट्या आणि आठ टोके. प्रत्येक टोक बरोबर ४५ अंशांत कापले गेले पाहिजे. प्रत्येक टोकाला अवघी अर्ध्या अंशाची चूक झाली, तरी आठ टोकांची मिळून ती चार अंशांची होते. मग तीन कोपरे कितीही नीट जुळवा, चौथा आ वासून बसतो! हे काम हातकरवत आणि लाकडी साचा घेऊन पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. आता मात्र पुष्कळ सुतारांकडे त्यासाठी विजेवर चालणारी मायटर करवत असते. तिचीच थोरली बहीण म्हणजे सरकती मायटर करवत. साध्या करवतीचे गोल पाते फक्त वरून खाली येते, त्यामुळे रुंद फळी तिच्याने कापली जात नाही. सरकत्या करवतीत पाते आणि मोटर दोन नळ्यांवरून मागेपुढे सरकतात. म्हणून २५ सेंटिमीटर व्यासाचे पातेही ३० सेंटिमीटर रुंदीची फळी एका दमात कापू शकते.

ही करवत नवी घ्यायची तर महाग पडते. म्हणून शाळेच्या कार्यशाळेसाठी एखादी जुनी मिळते का, असा विचार बहुधा होतो आणि तो काही वाईट नाही. मात्र जुने यंत्र घेताना रंगरूपाला भुलू नये. तुमचे सर किंवा ओळखीचे सुतारकाका ती पाहायला निघाले, तर त्यांच्याबरोबर जरूर जा. (करवत चालवणे हे त्यांचे काम, तुमचे काम डोळे आणि डोके उघडे ठेवण्याचे.)

प्लग काढलेला असतानाच निम्मी परीक्षा होते. पाते नळ्यांवरून पूर्ण पुढे ओढा आणि हँडल धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. खडखड जाणवली तर सरकण्याची बेअरिंगे झिजली आहेत. पात्याखालची झाकणी हाताने वर सारून सोडा. तिने स्प्रिंगच्या जोराने चटकन खाली यायला हवे. ती अडकत असेल, किंवा कोणी तारेने वर बांधून ठेवली असेल, तर सौदा तिथेच सोडून द्यावा. मग मोटरवरची पट्टी वाचा. परदेशातून आलेल्या जुन्या करवती कधीकधी ११० व्होल्टच्या असतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टला ती सरळ जोडली, तर मोटर जळायला वेळ लागत नाही. बोथट पात्याची मात्र फार चिंता नको, पाते बदलता येते. कार्बन ब्रशही बदलता येतात.

आता कापून पाहण्याची वेळ. इथे एक सुंदर युक्ती आहे. यंत्राचा काटा शून्यावर ठेवून, म्हणजे काटकोनात, एक रुंद फळी सुतारकाकांकडून कापून घ्या. दोन तुकड्यांपैकी एक उलथा करा, म्हणजे त्याची वरची बाजू खाली जाईल. दोन्ही तुकड्यांची एकेक सरळ कड एकाच पट्टीला टेकवून कापलेली टोके एकमेकांना भिडवा. काप खरोखर काटकोनात असेल, तर फट दिसणार नाही. चूक असेल, तर ती दुप्पट होऊन दिसेल; कारण एका तुकड्याची चूक उजवीकडे कलते आणि उलथ्या तुकड्याची डावीकडे. गुण्यासुद्धा हातात न घेता गुण्याहून बारीक परीक्षा झाली! चूक निघाली तरी हरकत नाही, काटा बहुतेक करवतींत पुन्हा जुळवता येतो.

समजा, करवत पसंत पडली, शाळेत आली आणि पहिल्या दिवशी दहा-वीस काप झाले. आता खोलीकडे पाहा. बाकांवर, खिडकीच्या गजांवर, सरांच्या भुवयांवर, सगळीकडे भुसा. करवतीच्या मागे कापडाची एक पिशवी लावलेली असते, तिच्यात मूठभरच जमा झालेला. मग बाकीचा सुटला कुठून?

आधी तो एकूण किती होता, ते काढू. पाते लाकडात आपल्या दात्यांच्या जाडीची खाच पाडते. ती ३ मिलिमीटर धरा. फळी १० सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड असेल, तर एका सरळ कापात ०.३ × १० × २.५ म्हणजे साडेसात घन सेंटिमीटर लाकडाचा भुसा होतो. सागाची घनता सुमारे ०.६५ धरली, तर त्याचे वजन झाले जवळजवळ ५ ग्रॅम. वीस कापांचा भुसा १०० ग्रॅम. आता पिशवी रिकामी करून वीस काप करून घ्या आणि पिशवीतला भुसा तराजूवर तोला. शंभरातले किती ग्रॅम यंत्राने पकडले, ते लगेच कळेल. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे आपण ज्या सुधारणा करणार, त्या खऱ्या की नुसत्या दिसण्याच्या, हे तोच सांगेल.

पण वजन अर्धीच गोष्ट सांगते. भुशाचे सगळे कण सारखे नसतात. शंभर मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. एवढा कण डोळ्यांना दिसतो. एक मायक्रॉनचा कण त्याच्या शंभराव्या भागाएवढा. घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून शंभर मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात एक मायक्रॉनचे दहा लाख कण बसतात. पिशवीने ९५ ग्रॅम पकडले आणि ५ ग्रॅम सुटले, तर सुटलेल्या पाच ग्रॅमांत कणांची संख्या पकडलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असू शकेल.

आणि हे बारीक कण खाली बसायलाच तयार नसतात. पाण्याएवढ्या घनतेचा १०० मायक्रॉनचा कण शांत हवेत सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर वेगाने पडतो. दीड मीटर उंचीवरून तो सहा सेकंदांत जमिनीवर येतो. दहा मायक्रॉनच्या कणाला त्याच प्रवासाला आठ मिनिटे लागतात, आणि एक मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास! सकाळी कापलेल्या लाकडाची धूळ संध्याकाळी कार्यशाळा बंद करायला येणाऱ्या शिपायाच्या श्वासात जाऊ शकते.

ती श्वासात गेली म्हणून काय झाले? इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचे गाव आहे, लाकडी खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मे हॅडफील्ड यांच्याकडे नाकाच्या आतल्या पोकळ्यांच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रोगी येत. एरवी क्वचितच आढळणारा हा रोग इथे वारंवार दिसतो आणि त्यांतले बरेच रोगी फर्निचरच्या कारखान्यांतले कामगार आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. डोनाल्ड अ‍ॅचेसन व इतर सहकाऱ्यांबरोबर केलेली त्यांची पाहणी १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणारी म्हणून जाहीर केली. एक-दोन दिवसांच्या कामाने असे काही होत नाही; ते कामगार वर्षानुवर्षे त्या धुळीत होते. पण आपले सुतारही वर्षानुवर्षेच काम करतात. यात एक गोष्ट विसरू नका. हा रोग नाकातला आहे. जाड कण नाकात अडकतात, फुप्फुसापर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी, असे म्हणता येत नाही. त्याहून बारीक कण खोल फुप्फुसात उतरतात. म्हणजे पकडायचे दोघांनाही.

इथे करवतीची चाल समजून घ्यावी लागते. २५ सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग होतो सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर. या वेगाने दाते लाकडातून भुसा उचलून मागच्या बाजूला भिरकावतात. जाड कण त्या झोकात सरळ दूर जातात. दहा मायक्रॉनचा कण मात्र एवढ्या वेगाने सुटूनही हवेच्या विरोधामुळे दोन सेंटिमीटरच्या आतच थांबतो आणि मग हवा नेईल तिकडे जातो. जाड भुसा दगडासारखा वागतो, बारीक धूळ धुरासारखी. दगड अडवायला त्याच्या वाटेत भिंत हवी, धूर काढायला हवेचा झोत हवा.

मग मोठे व्हॅक्यूम क्लीनर आणून करवतीजवळ ठेवले की झाले, असे कोणालाही वाटेल. एक प्रयोग करा. पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी दोऱ्याने टांगा. हातभर अंतरावरून तिच्यावर फुंकर मारा, ती उडेल. आता तिथूनच जोराने श्वास आत ओढा. पट्टी ढिम्म हलणार नाही! फुंकर एका दिशेने जाते, पण ओढताना हवा सगळ्या बाजूंनी तोंडाकडे येते. त्यामुळे वेग अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतो. उघड्या नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाएवढ्या अंतरावर ओढीचा वेग तोंडाजवळच्या वेगाच्या दहाव्या भागाहूनही कमी राहतो. नळी साडेतीन सेंटिमीटरची असेल, तर तिची सत्ता चार बोटांपलीकडे चालत नाही.

सरकत्या करवतीची खरी अडचण इथेच आहे. साध्या करवतीत धूळ घेणारे तोंड पात्याच्या अगदी मागे, खालपर्यंत आणता येते. सरकत्या करवतीत पाते फळीवरून पुढेमागे जाते, म्हणून ते तोंड फळीच्या वर उचलूनच ठेवावे लागते. भुसा नेमका त्याच्या खालून निसटतो. उपाय सोपा आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून तो त्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे झालरीसारखा लावा. फळी आली की रबर वाकते, फळी गेली की पुन्हा खाली लोंबते. भुसा झालरीवर आपटून तोंडात शिरतो. झालर पात्याला लागता कामा नये आणि झाकणीच्या हालचालीत येता कामा नये. प्लग काढून, पाते हाताने सगळीकडे सरकवून, ४५ अंशांपर्यंत दोन्हीकडे वळवून हे आधी पाहायचे. मूळ झाकणीला भोक पाडणे किंवा ती कापणे अजिबात नको.

पिशवी काढून तिथे व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडली, की हवेचा झोतही मिळाला. नळी किती जाड असावी? जाड नळी चांगली, असे वाटते, पण गणित करून पाहा. यंत्र सेकंदाला ३५ लिटर हवा ओढत असेल, तर साडेतीन सेंटिमीटरच्या नळीत तिचा वेग सेकंदाला ३६ मीटर होतो. तेच यंत्र दहा सेंटिमीटरच्या नळीला जोडले, तर वेग राहतो साडेचार मीटर. लाकडाचा भुसा नळीत न साचता वाहायला सुमारे २० मीटर वेग लागतो. जाड नळी हवी असेल, तर सेकंदाला दीडशेहून अधिक लिटर हवा ओढणारे मोठे धूळयंत्र हवे. ते मिळाले, तर करवतीमागे फळ्यांचा किंवा पत्र्याचा, पुढून उघडा, तळ उतरता असलेला खोका करून त्याला ते जोडावे. मोठे यंत्र नसले, तरी खोका वाया जात नाही. झालर चुकवून आलेल्या जाड कणांना तो अडवतोच.

व्हॅक्यूम क्लीनर लवकर तुंबतो, ही पुढची तक्रार. त्याच्या आधी एक झाकणबंद डबा आणि त्यावर उलट्या शंकूच्या आकाराचा सायक्लोन बसवतात. हवा त्यात कडेने शिरून गरगर फिरते. सेकंदाला १५ मीटर वेगाने १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरणाऱ्या कणाला गुरुत्वाकर्षणाच्या दीडशे पट जोराने बाहेर फेकले जाते. तो भिंतीला लागून डब्यात घसरतो. लाकूडगिरण्यांच्या छपरावर असे मोठे सायक्लोन असतात. तसा एक पाहूनच इंग्लंडच्या जेम्स डायसन यांना बिनपिशवीच्या व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना सुचली आणि तो मनासारखा होईपर्यंत त्यांनी ५,१२७ नमुने बनवले. आपल्याला एवढे कष्ट नकोत, पण डबा मजबूत पत्र्याचा घ्या. नळी तुंबली आणि आतला दाब वातावरणाच्या एकपंचमांशाने उतरला, तर ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर बाहेरची हवा सुमारे १४० किलोग्रॅम वजनाएवढा भार टाकते. प्लॅस्टिकची बादली अशा वेळी कागदी पेल्यासारखी चेपते.

सायक्लोन जाड भुसा काढतो. बारीक धूळ पुढे जाते. क्लीनरची गाळणी साध्या कापडाची असेल, तर ती धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते, आणि आधीपेक्षा छान पसरून येते! म्हणून गाळणी हेपा जातीची असावी; ती ०.३ मायक्रॉनचे कणही १०,००० पैकी ९,९९७ अडवते. ते जमत नसेल, तर क्लीनर खिडकीबाहेर ओसरीत ठेवून नळी आत घ्यावी. एमडीएफच्या फळ्या कापायच्या असतील, तर हे टाळू नका. तिचा भुसा फार बारीक असतो आणि बहुधा त्यात फॉर्माल्डिहाइडपासून केलेला चिकट पदार्थही असतो. शिवाय कापणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी लावावी. २०२० नंतर ती कोणाला ओळखून द्यायला नको.

आता पुन्हा वीस काप आणि पुन्हा तराजू. या वेळी भुसा डब्यातला आणि क्लीनरमधला मिळून तोला. वहीतला जुना आकडा शेजारी लिहा. मग मुखपट्टी न काढता खिडक्या लावून घ्या, दिवे मालवा आणि अंधारात विजेरीचा झोत खोलीत आडवा टाका. तुम्ही झोताच्या समोरच्या बाजूला, पण थोडे बाजूस उभे राहा. कवडशात दिसतात तसे कण झोतात तरंगताना दिसतील. सुधारणेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, काप संपल्यावर बरोबर दहा मिनिटांनी पाहा. तोपर्यंत जाड भुसा खाली बसलेला असतो. झोतात उरते ती धूळ तराजूला कळत नाही.