पहिला स्कॅनर : काय घ्यावे, काय ऐकावे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यातल्या घरी साधा रेडिओ लावला, तर सगळ्यात आधी सापडते ते १०२.७ मेगाहर्ट्झवरचे आकाशवाणी यवतमाळ. नागपूरची ५८५ किलोहर्ट्झची मध्यम लहर तर विदर्भातल्या जुन्या श्रोत्यांच्या बोटांना पाठ. पण हवेत एवढेच नसते. विमाने, हौशी रेडिओवाले, उपग्रह, शासकीय खात्यांचे वायरलेस असे कितीतरी संदेश आपल्या डोक्यावरून जात असतात. ते पकडणाऱ्या यंत्राला स्कॅनर म्हणतात. हल्ली तरुण मुले विचारतात, पहिला स्कॅनर कोणता घ्यावा? त्याचे उत्तर देण्याआधी यंत्र काय करते आणि कायदा काय म्हणतो, ते पाहू.

साध्या रेडिओत आपण काटा फिरवतो आणि केंद्र लागले की थांबतो. स्कॅनर हेच काम स्वतः करतो. दिलेल्या वारंवारता तो एकामागून एक तपासतो. कुठे आवाज सापडला की थांबतो, बोलणे संपले की पुढे निघतो. नुसत्या खरखरीवर थांबू नये म्हणून त्यात स्क्वेल्च नावाची चावी असते. ती खरखर बंद होईपर्यंतच फिरवायची. अनेक जण ती पार शेवटपर्यंत फिरवतात आणि मग यंत्र मुके आहे अशी तक्रार करतात.

आता कायदा. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने वायरलेस यंत्र नुसते जवळ बाळगण्यालाही परवाना लागे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत परवानगीचे तत्त्व कायम आहे. गाणी-बातम्या ऐकण्याच्या घरगुती रेडिओला वेगळा परवाना लागत नाही. ही सूट प्रसारण ऐकण्यापुरती आहे. पोलीस, अग्निशमन, विमानतळ यांचे बोलणे प्रसारण नव्हे. ते ज्याला उद्देशून आहे त्याचेच. नव्या कायद्याचे कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून लागू आहे. बेकायदा संदेश पकडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. अमेरिकेत लोक घरबसल्या पोलिसांचा वायरलेस ऐकतात, हे खरे. तिथल्या पुस्तकातला सल्ला इथे तसाच उचलला, तर छंदाचे प्रकरण कोर्टात जाईल.

बाजारात स्वस्त वॉकीटॉकीही दिसतात. स्कॅनर म्हणून त्या घेण्याचा मोह होतो. पण त्या ऐकतात तशा बोलतातही. चुकून बटण दाबले गेले, तर कुणाच्या तरी महत्त्वाच्या संदेशावर आपली लहर आदळते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा वॉकीटॉकींच्या विक्रीवरून १३ ऑनलाइन विक्री मंचांना नोटिसा दिल्या होत्या. संकेतस्थळावर वस्तू विकायला आहे, म्हणजे ती बाळगणे कायदेशीर आहे असे समजू नका.

मग या हौसेला वाट नाही का? आहे, आणि चांगली आहे. ती म्हणजे हौशी रेडिओचा, ज्याला हॅम म्हणतात त्याचा, परवाना. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. अर्ज ‘सरल संचार’ या संकेतस्थळावर करायचा. परीक्षेत रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम विचारतात. दोन श्रेणी आहेत. पहिल्या, म्हणजे मर्यादित श्रेणीला मोर्सची अट नाही. उत्तीर्ण झाल्यावर परवाना आणि स्वतःचे सांकेतिक नाव मिळते. मग हौशी पट्ट्यांवरचे यंत्र राजरोस वापरता येते आणि ऐकण्याबरोबर बोलताही येते.

याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या लोहाऱ्याच्या नावाचा एक तालुका आज धाराशिव जिल्ह्यात आहे. त्यातले सास्तूर या भूकंपात उद्ध्वस्त झाले. तेव्हा निरोप पोहोचवण्याच्या कामात हौशी रेडिओवाले उतरले होते. २००१ मध्ये कच्छच्या भूकंपात तेच झाले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. त्यांनी आपला रेडिओ मदतकार्याला जोडला. टेलिफोन बंद पडतो तिथे अशी ऐकायची सवय असलेली माणसे कामी येतात.

आता यंत्राकडे वळू. प्रकार मुख्यतः दोन. एक हातात मावणारा तयार स्कॅनर. तो बॅटरीवर चालतो, बाहेर नेता येतो, शिकायला सोपा. दुसरा संगणकाला जोडायचा छोटा डोंगल. यातला भाग मुळात संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनला होता. त्याचा सर्वसाधारण रेडिओ रिसीव्हर म्हणून वापर होऊ शकतो, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींनी जगाला दाखवले. सुमारे २४ ते १,७०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी तो पकडतो आणि पडद्यावर त्यांचा आलेख दाखवतो. काही हजार रुपयांत काम भागते. मात्र वर सांगितलेला कायदा दोघांनाही सारखाच लागू. परदेशी स्कॅनरवर डिजिटल यंत्रणेची मोठी जाहिरात असते, त्यासाठी जादा पैसे मोजू नका. गुप्तलिपीतला संदेश कितीही महाग यंत्रावर खरखरच ऐकू येतो.

विकत घेण्यापूर्वी फुकट अनुभव घ्यायचा असेल, तर इंटरनेटवरून चालणारे दूरचे रिसीव्हर वापरून पाहा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने २००८ मध्ये असा रिसीव्हर लोकांसाठी खुला केला. लघुलहरींचा आवाज कसा असतो, केंद्र नेमके कसे लावायचे, याचा हात त्यावर बसतो.

यंत्र कोणतेही असो, निम्मे यश अँटेनाचे. सोबत आलेली छोटी काडी घरात फारशी चालत नाही. हिशेब सोपा आहे. ७५ या आकड्याला मेगाहर्ट्झने भागा, म्हणजे पाव लहरीची लांबी मीटरमध्ये येते. हौशी पट्टी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झची. ७५ भागिले १४५ म्हणजे सुमारे ५२ सेंटिमीटर. प्रत्यक्षात तार पाच टक्के आखूड, म्हणजे ४९ सेंटिमीटर घ्यावी. ती उभी ठेवा आणि खाली तेवढ्याच किंवा किंचित लांब चार तारा तिरप्या, छत्रीच्या काड्यांसारख्या लावा. केबलची मधली तार उभ्या तारेला, बाहेरची जाळी चार तारांना. ऐकण्यापुरती टीव्हीची केबलही चालते.

या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून उंची महत्त्वाची. दहा मीटर उंचीच्या अँटेनाचे क्षितिज सुमारे १३ किलोमीटर. शंभर मीटर उंच टेकडीवर तेच ४१ किलोमीटर होते. गच्चीवर अँटेना चढवली, तर घरातल्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरची खरखरही कमी येते.

मात्र गच्चीवर दोन गोष्टी जिवावर बेततात. अँटेनाचा खांब विजेच्या तारांपासून इतका दूर असावा की पडला तरी तारेला टेकणार नाही. आणि विदर्भात वळवाच्या पावसात, पावसाळ्यात वीज पडून माणसे दगावतात, हे आपण जाणतोच. ढग जमताच केबल यंत्रातून काढून घराबाहेर ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तिला हात लावायला जाऊ नका.

परवाना हाती आला, अँटेना चढली, की पहिल्या दिवशी काय लावावे? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर लावा. अंतराळवीर याच लहरीवरून शाळकरी मुलांशी बोलतात, कधी चित्रेही पाठवतात. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाते आणि फार तर दहा मिनिटे ऐकू येते. ते जवळ येताना वारंवारता तीन-साडेतीन किलोहर्ट्झने जास्त भासते आणि दूर जाताना तेवढीच कमी. जवळून जाणाऱ्या रेल्वेच्या शिटीचा सूर बदलतो तोच हा प्रकार. स्थानक कधी डोक्यावर येणार, याचे वेळापत्रक इंटरनेटवर मिळते.

जुन्या माहितीत नोआ नावाच्या अमेरिकी हवामान उपग्रहांची १३७ मेगाहर्ट्झवरची चित्रे घ्यायला सांगितलेले आढळेल. ते तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, त्यांच्या शोधात संध्याकाळ घालवू नका.

शेवटी, एक वही ठेवा. तारीख, वेळ, वारंवारता, काय ऐकले आणि हवा कशी होती, हे लिहीत चला. महिनाभरात कोणत्या वेळी काय ऐकू येते याचा अंदाज बसेल. परीक्षेच्या तयारीलाही हीच वही उपयोगी पडेल.