दुहेरीच्या खेळाडूबद्दल आपल्याला काय काय वाटतं

जानेवारी २०१७ मध्ये ब्रिस्बेनच्या स्पर्धेत सानिया मिर्झा आणि अमेरिकेची बेथनी मॅटेक-सँड्स यांनी महिला दुहेरीचं विजेतेपद पटकावलं आणि त्याच विजयाने सानियाचं जागतिक क्रमवारीतलं पहिलं स्थान गेलं. ते मिळालं तिच्या शेजारीच करंडक धरून उभ्या असलेल्या मॅटेक-सँड्सला. त्या दिवशी आपल्याकडे अनेकांना हे कोडं वाटलं. दोघी एकत्र जिंकल्या, मग एक वर आणि एक खाली कशी?

कोडं पडलं, कारण क्रमवारी जोडीची असते असं आपण धरून चालतो. ती प्रत्येकीची स्वतंत्र असते. गेल्या ५२ आठवड्यांतल्या कमाईवर गुण मोजले जातात आणि वर्षापूर्वीचे गुण गळून पडतात. २०१६ ची ब्रिस्बेनची स्पर्धा सानियाने मार्टिना हिंगिसबरोबर जिंकली होती, त्यामुळे २०१७ मध्ये पुन्हा जिंकून तिने जुने गुण फक्त राखले. मॅटेक-सँड्सला मात्र या विजयाने नवी भर पडली. एकूण ९१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या सानियाला तिथून खाली यावं लागलं ते असं, जिंकून.

दुहेरीच्या खेळाडूची कारकीर्द बाहेरून बघणाऱ्याला उलगडत नाही, त्यामागे असे बरेच समज आहेत. मॅटेक-सँड्सचं उदाहरण त्यासाठी सोयीचं आहे. २३ मार्च १९८५ ला मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये जन्मलेली ही खेळाडू लहान वयातच व्यावसायिक टेनिसमध्ये आली. तिच्या नावावर महिला दुहेरीची पाच आणि मिश्र दुहेरीची चार अशी नऊ ग्रँड स्लॅम विजेतेपदं आहेत, शिवाय ऑलिम्पिकचं सुवर्ण. तरी टेनिसचे नियमित प्रेक्षकही तिला ओळखतात ते गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांवरून आणि डोळ्यांखाली ओढलेल्या काळ्या पट्ट्यांवरून. मोजे तिने हौसेने घातले, हे खरं. पण बातमीत मोजे आधी आणि विजेतेपद नंतर, हे तिनं केलेलं नाही.

‘जोडी म्हणजे जन्माची गाठ’

विल्यम्स भगिनींनी हा समज घट्ट केला. व्हीनस आणि सेरेना ग्रँड स्लॅम दुहेरीच्या चौदा अंतिम सामन्यांत उतरल्या आणि चौदाही जिंकल्या. बहिणी असल्यामुळे जोडी बदलण्याचा प्रश्नच नव्हता. त्याआधी पॅम श्रायव्हर आणि मार्टिना नवरातिलोव्हा यांनी १९८३ ते १९८५ या काळात सलग १०९ सामने जिंकले होते. लक्षात राहतात त्या अशा जोड्या, आणि नियम तोच असावा असं वाटू लागतं.

बहुतेक खेळाडूंचं आयुष्य वेगळं असतं. कुणाबरोबर खेळायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. कधी आठवड्यापुरतं, कधी हंगामापुरतं. जोडीदार जखमी झाली, एकेरीत दमली, तिला दुसरी कुणी अधिक पसंत पडली, की पुन्हा फोनाफोनी. मॅटेक-सँड्सची महिला दुहेरीची पाचही ग्रँड स्लॅम विजेतेपदं झेक लुसी साफारोव्हाबरोबरची आहेत. ही टिकलेली जोडी म्हणून सांगितली जाते, पण तिची सुरुवात बघा. २०१५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दोघी पहिल्यांदाच एकत्र खेळत होत्या. मानांकनही नव्हतं. त्या स्पर्धा जिंकून बाहेर पडल्या. मिश्र दुहेरीत तर तिचे जोडीदार बदलत गेले: २०१२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला रुमानियाचा होरिया टेकाऊ, २०१५ च्या फ्रेंच ओपनला माइक ब्रायन, २०१८ आणि २०१९ च्या यूएस ओपनला स्कॉटलंडचा जेमी मरे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जॅक सॉक होता. सॉक आणि तिने अंतिम फेरीत व्हीनस विल्यम्स आणि राजीव राम यांना पहिला सेट गमावल्यावर हरवलं. उपांत्य फेरीत याच व्हीनस-राम जोडीने सानिया आणि रोहन बोपण्णा यांना हरवलं होतं.

स्पर्धेत प्रवेश मात्र दोघींच्या क्रमवारीची बेरीज बघून मिळतो. म्हणून वरच्या क्रमांकाची खेळाडू ही दुसरीसाठी दार उघडणारी असते. रिओतच याचं आपल्या जवळचं उदाहरण आहे. सानिया जगात पहिली असल्यामुळे तिचा प्रवेश निश्चित होता, आणि महिला दुहेरीत तिच्यासोबत उतरली ती बार्शीची प्रार्थना ठोंबरे. त्या वेळी प्रार्थना क्रमवारीत बरीच खाली होती. पहिल्याच फेरीत चीनच्या जोडीकडून दोघी हरल्या. पण नियम कळला की निवडीचं आश्चर्य उरत नाही.

यात एक खोच आहे. दुहेरीत प्रवेशासाठी एकेरीची क्रमवारीही चालते. त्यामुळे एकेरीतल्या दोन बऱ्या खेळाडूंनी आयत्या वेळी एकत्र यायचं ठरवलं, तर वर्षभर दुहेरीच खेळणारी एखादी जोडी बाहेर राहू शकते. ग्रँड स्लॅममध्ये ६४ जोड्यांना जागा असते, लहान स्पर्धेत बऱ्याचदा फक्त सोळांना. तिथे ही जागा गेली की त्या आठवड्याची कमाई गेली.

‘एकेरीत जमलं नाही म्हणून दुहेरी’

हा समज सरसकट खोटा आहे असं मी म्हणणार नाही. मॅटेक-सँड्सला मुख्य टूरवर एकेरीचं एकही विजेतेपद मिळालेलं नाही. तिची एकेरीतली सर्वोत्तम क्रमवारी ३०, जुलै २०११ मधली. पण जगात तिसावी असणं म्हणजे ‘न जमणं’ कसं? २००८ मध्ये ती विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत पोचली. २०१३ च्या फ्रेंच ओपनमध्ये तिने ली ना हिला हरवलं, जिने दोनच वर्षांपूर्वी ती स्पर्धा जिंकली होती.

लिसा रेमंडचंही असंच. फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना १९९२ आणि १९९३ अशी सलग दोन वर्षं ती अमेरिकेची आंतरविद्यापीठ एकेरी विजेती होती. व्यावसायिक एकेरीत १५ व्या क्रमांकापर्यंत गेली. आपल्याकडच्या वाचकांना ती आठवत असेल ती १९९९ च्या विम्बल्डनमुळे, लिअँडर पेसबरोबर जिंकलेल्या मिश्र दुहेरीमुळे. पुढे ती दुहेरीत जगात पहिली झाली.

आताचं नाव टेलर टाउनसेंड. शिकागोत वाढलेली ही डावखुरी खेळाडू २०१२ मध्ये कुमार गटात जगात पहिली होती. तिची तंदुरुस्ती पुरेशी नाही, असं म्हणत त्या वर्षी अमेरिकन टेनिस संघटनेने तिला स्पर्धांपासून दूर राहायला सांगितलं होतं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. मुलाच्या जन्मानंतर ती परतली, कॅटरिना सिनियाकोव्हाबरोबर २०२४ चं विम्बल्डन आणि २०२५ चं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, आणि जुलै २०२५ मध्ये दुहेरीत जगात पहिली झाली. त्या वर्षीच्या यूएस ओपनला उतरली तेव्हा एकेरीत तिचा क्रमांक होता १३९. त्याच क्रमांकावरून तिने पाचव्या मानांकित मिरा आंद्रेयेव्हाला सरळ दोन सेटमध्ये बाद केलं.

क्रमवारीतले हे आकडे बघून मला वाटतं ते असं: एकेरी आणि दुहेरी या वरच्या-खालच्या पायऱ्या नाहीत, शेजारच्या खोल्या आहेत. काहींना दोन्हीकडे जाता येतं. कोको गॉफ २०२२ मध्ये दुहेरीत पहिली झाली, पुढच्याच वर्षी यूएस ओपनची एकेरी जिंकली आणि २०२४ मध्ये फ्रेंच ओपनची दुहेरी. काहींना एकाच खोलीत जास्त चांगलं सुचतं.

‘अर्धं कोर्ट, अर्धी मेहनत’

एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या वाढतात. प्रत्येकीच्या वाट्याला कमी जागा येते, त्यामुळे धावणं कमी होतं, हे खरंच. पण विचार करायला वेळही कमी मिळतो, आणि तिथेच हा खेळ वेगळा होतो.

सर्व्हिस परतवणाऱ्या खेळाडूसमोर नेटपाशी एक प्रतिस्पर्धी उभी असते. एकेरीत सुरक्षित वाटणारा, नेटच्या बराच वरून कोर्टाच्या मध्यावर पडणारा परतीचा फटका इथे आयता व्हॉलीला मिळतो. म्हणून चेंडू तिरका हवा, खाली हवा, शक्यतो सर्व्हिस करून पुढे येणारीच्या पावलांशी. मॅटेक-सँड्सचं नाणं वाजतं ते इथे. ती परतीच्या फटक्यावरच हल्ला चढवते आणि लगेच नेटकडे झेपावते. नेटवरची खेळाडू कधी मधोमध वाकून बसते आणि सर्व्हिस पडताच डावी-उजवीकडे सुटते. ती कुठे जाणार हे आधी पाठीमागे बोटांच्या खुणेने जोडीदाराला सांगितलेलं असतं. प्रत्येक गुणाआधी दोघी जवळ येऊन तोंडावर हात धरून कुजबुजतात, त्यात सांत्वन थोडं आणि आराखडा जास्त असतो.

त्यावर गुणांची पद्धत. टूरवरच्या दुहेरीत ड्यूसला पुढचा एकच गुण गेमचा निकाल लावतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर होतो. ग्रँड स्लॅमच्या महिला दुहेरीत मात्र तिसरा सेट पूर्ण खेळावा लागतो. छोट्या पद्धतीत चार-दोन गुणांनी सामना फिरतो. अंदाज चुकायला जागा उरत नाही.

‘मोठे खेळाडू मनावर घेतील तर दुहेरीवाल्यांना उभं करणार नाहीत’ असं म्हणणाऱ्यांसाठी २०२५ च्या यूएस ओपनने नकळत एक प्रयोगच केला. मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात हलवली, जोड्या फक्त सोळा ठेवल्या, सेट आखूड केले आणि एकेरीतले तारे भरले. विजेत्या जोडीला दहा लाख डॉलर. जिंकलं कोण? आदल्या वर्षीचे विजेते, दुहेरीत मुरलेले इटलीचे सारा एरानी आणि आंद्रेया वावासोरी. अंतिम फेरीत त्यांनी इगा श्वियाँटेक आणि कॅस्पर रूड यांना हरवलं. स्टेडियम खच्चून भरलं होतं, हेही सांगायला हवं. दुहेरीला प्रेक्षक नाहीत असं म्हणणाऱ्या आयोजकांनी पूर्वी ती कोणत्या कोर्टांवर आणि कोणत्या वेळेला लावली, हा प्रश्न मला तरी पडतो.

‘ग्रँड स्लॅम जिंकली म्हणजे पैसाच पैसा’

२०२५ च्या यूएस ओपनमध्ये एकेरीच्या विजेतीला ५० लाख डॉलर मिळाले. महिला दुहेरीच्या विजेत्या जोडीला दहा लाख, म्हणजे प्रत्येकीला पाच. एकास दहा. प्रशिक्षक, फिजिओ, विमानप्रवास आणि कर ज्याचे त्यालाच. वरच्या वीस-तीस जणींचं ठीक चालतं, त्याखाली हिशेब घट्ट असतो.

‘सांघिक लढतीत दुहेरी म्हणजे शेवटी उरलेली औपचारिकता’

महिलांच्या फेड कप या देशादेशांतल्या स्पर्धेत दोन्हीकडे दोन-दोन एकेरी जिंकून झाल्या की सगळं दुहेरीवर येऊन ठेपायचं. फेब्रुवारी २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट इथे अमेरिका आणि लॅटव्हिया यांची फेड कपची लढत होती. पहिल्या दिवसाअखेर अमेरिका २-० ने पुढे. दुसऱ्या दिवशी लॅटव्हियाच्या ओस्टापेन्कोने सोफिया केनिनला हरवलं आणि सेवास्तोव्हाने चक्क सेरेनाला. या स्पर्धेतला एकेरीचा सामना सेरेना तोपर्यंत कधी हरली नव्हती. २-२. मग केनिनच्या जोडीला मॅटेक-सँड्स उतरली आणि दोघींनी लढत वाचवली.

‘दुहेरी म्हणजे उतारवयाचा आरामाचा खेळ’

कारकीर्द लांबते, हे खरं. रेमंड २०१२ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली. पण आराम?

२०१७ च्या जुलैमध्ये मॅटेक-सँड्स आणि साफारोव्हा विम्बल्डनला आल्या तेव्हा त्यांच्याकडे लागोपाठ तीन ग्रँड स्लॅम होती: २०१६ चं यूएस ओपन, २०१७ चं ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच. चौथं राहिलं होतं. ६ जुलैला १७ नंबरच्या कोर्टवर सोराना सिर्स्टियाविरुद्धच्या एकेरीच्या सामन्यात, तिसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच, नेटकडे धावताना मॅटेक-सँड्सच्या उजव्या गुडघ्याची वाटी सरकली आणि तिला धरणारा स्नायुबंध तुटला. मदतीसाठी ती ओरडत होती. साफारोव्हा कोर्टवर धावत आली. जोडीला दुहेरीतून माघार घ्यावी लागली. त्या ऑगस्टमध्ये साफारोव्हा दुहेरीत जगात पहिली झाली, तेव्हा तिची जोडीदार दुखापतीतून सावरत होती.

शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने व्यायाम, आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात जेमी मरेबरोबर यूएस ओपनची मिश्र दुहेरी. २०१९ मध्ये तीच पुन्हा. विम्बल्डनचं दुहेरीचं विजेतेपद तिला अजून मिळालेलं नाही. २०२१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, ती श्वियाँटेकबरोबर फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत पोचली आणि हरली. समोर सिनियाकोव्हा आणि बार्बोरा क्रेजिकोव्हा होत्या. क्रेजिकोव्हाला तोवर सगळे दुहेरीचीच खेळाडू म्हणत, आणि आदल्याच दिवशी तिने मानांकन नसताना पॅरिसची एकेरी जिंकली होती.