चार आवाजांचे वाद्य

व्हिडिओ गेमच्या जुन्या यंत्रांवर संगीत रचतात, असे सांगितले तर पुष्कळांना हसू येईल. परंतु ‘चिप संगीत’ हा आज जगभर रुजलेला प्रकार आहे.

१९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने फॅमिकॉम हे यंत्र काढले. त्याच्या नकला पुढे १९९० च्या दशकात आपल्याकडेही आल्या. टीव्हीला जोडून, कॅसेट खोचून खेळायचा गेम तो हाच. त्यातील चिप जागच्या जागी स्वर घडवते. तिचे मुख्य आवाज चारच. आपल्या खंजिरी भजनाशी ताडून पाहावे: दोन चौकोनी लहरी पेटीसारखी चाल वाजवतात, त्रिकोणी लहर खर्ज सांभाळते आणि नुसती खरखर खंजिरीचे काम करते.

प्रत्येक आवाज एका वेळी एकच स्वर काढतो. मग तीन स्वर एकत्र हवे असल्यास? ते एकामागून एक इतके झरझर वाजवतात की कानाला एकत्रच भासतात! अडचणीतून निघालेली ही युक्तीच या संगीताची ओळख ठरली.

२००० साली स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी ‘एलएसडीजे’ हा प्रोग्राम तयार केला आणि १९८९ चा गेमबॉय हातात मावणारे वाद्य झाला. त्याची बटणे दाबून एकेक स्वर रांगेत भरायचा.

मित्रहो, मुकुटबनसारख्या गावी महागडा सिंथेसायझर बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचा. पण गेमबॉयची नक्कल करणारे प्रोग्राम साध्या संगणकावरही चालतात. चार आवाजांत जगाने एवढे रचले. आपल्या भजनांच्या चाली त्यात कोणी बसवून पाहील काय?